उथळ पाणी

मासे धरणाऱ्या माणसाविषयी आमच्या गावाचे मत फार दिवसांपूर्वी ठरून गेले आहे. भोयाने जाळे टाकले तर तो त्याचा धंदा. पोराने गळ टाकला तर तो त्याचा खोडसाळपणा. पण शाळेच्या गुरुजीने रविवारी सकाळी खांद्यावर काठी टाकून तळ्याची वाट धरली, तर त्याचे काहीतरी बिनसले आहे असे समजावे! पहिली एक-दोन वर्षे लोक मला वाटेत थांबवून विचारीत, "काय गुर्जी, तब्येत बरी हाय ना?" घरात भांडण झाले असेल, बदलीचा हुकूम आला असेल, अशा शंकाही कानावर येत. पुढे कोणीतरी शोध लावला की गुरुजी कादंबऱ्या लिहितात आणि प्रकरण अडले की तळ्यावर जातात. तेव्हापासून मला कोणी विचारीनासे झाले. लेखक म्हटल्यावर माणसाला थोडासा वेडेपणा माफ असतो, ही आमच्या गावाची उदारता मी आनंदाने भोगतो आहे.

घरातली गोष्ट मात्र एवढी सोपी नव्हती. माझी आई माळकरी. तिच्या गळ्यात तुळशीची माळ आणि माझ्या हातात मासा, अशा दोन वस्तू एका छपराखाली नांदायच्या म्हणजे काहीतरी तह व्हायला हवा होता. तो झाला. मासळीने उंबरा ओलांडायचा नाही. गोठ्याच्या पलीकडे तीन दगडांची चूल मांडायची. तिथली भांडी तिथेच राहतील. एकादशी, श्रावण आणि कार्तिक हे दिवस गळाने खुंटीवर काढायचे. सौभाग्यवतींनी या तहाला एक कलम आपल्या बाजूने जोडून घेतले, ते म्हणजे मासा साफ करण्याचे काम धरणाऱ्याचे. मी ते बिनतक्रार पाळतो. त्या तीन दगडांवर येसराचे कालवण रटरटू लागले आणि भाजल्या खोबऱ्याचा वास ओसरीपर्यंत आला, की आई देवघरात जाऊन हरिपाठ जरा मोठ्याने म्हणू लागते. मला वाटते, त्या वासाशी चाललेले तिचे ते युद्धच असावे.

पुण्या-मुंबईचे स्नेही मला नेहमी विचारतात, "अहो, बीड जिल्ह्यात पाणी कुठले आणि मासे कुठले?" प्रश्न चुकीचा आहे असे म्हणवत नाही. आमचा जिल्हा वर्तमानपत्रांत येतो तो दुष्काळापायी आणि ऊसतोडीपायी. तरीपण नकाशा उघडून पाहावा. उत्तरेची सगळी शीव गोदावरीने आखलेली आहे. बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा सिंदफणेला मिळते, आणि सिंदफणा माजलगावचे धरण भरून पुढे मंजरथला गोदावरीच्या कुशीत शिरते. पाटोद्याच्या बाजूला बालाघाटाच्या डोंगरात मांजरा उगवते, ती तर कर्नाटक-तेलंगण पाहून मग गोदावरीला भेटते. उन्हाळ्यात या नद्या वाळूच्या असतात हे खरे. पण नदी वाळूची झाली म्हणून मासा संपत नाही. तो कुठेतरी डोहात, कुठेतरी चिखलात दम धरून असतो. या मातीतल्या प्राण्यांना आणि माणसांना तेवढी सवय आहे.

मोठ्या धरणांच्या वाटेला मी जात नाही. तिथे मच्छीमार संस्थांचे ठेके असतात. त्यांनी बीज सोडायचे, त्यांनीच जाळी टाकायची. रोहू, कटला, मृगळ ही मंडळी तिथली. माझे पाणी म्हणजे गावाच्या पूर्वेचा पाझर तलाव. १९७२ च्या दुष्काळात माणसांच्या हाताला काम म्हणून जे तलाव खणले गेले, त्यांतलाच हा एक. माझे वडील त्या कामावर पाट्या उचलीत होते. तलाव मोठा नाही. एका कडेला बाभळी, दुसऱ्या कडेला पानकणीस, आणि सांडव्याच्या अंगाला गुडघा-मांडीभर उथळ पाण्याचा लांबच लांब पट्टा. या उथळ पट्ट्याचेच मला वेड आहे, कारण तिथे मरळ राहते.

मरळ मला दाखविली ती भोईवाड्यातल्या आबांनी. तळ्यातली मासेमारी त्यांच्या भावकीकडे आहे, म्हणून पहिल्यांदा परवानगी मागायला गेलो. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाले, "धरा की गुर्जी. तुमच्या हातानं तळं काय रितं व्हतंय?" एवढ्या मोकळ्या मनाने झालेला अपमान मी आजवर दुसरा सोसलेला नाही. पण मग त्यांनीच मला वेळूची काठी तासून दिली, तंगुसाला गाठ मारायला शिकविले, मोरपिसाच्या दांडीचा तरंग कसा करायचा आणि गांडूळ गळात कसे ओवायचे हे दाखविले. गांडुळावर शिंगटा लागे, कधी वाम लागे, चिलापी तर कंटाळा येईपर्यंत लागे. मरळ मात्र लागत नसे. आबा म्हणाले, "मरळ गांडुळाची न्हाई गुर्जी. तिला हालतं लागतं. तिच्या म्होरनं काहीतरी पळालं पाहिजे." त्यांच्या तरुणपणी ते जिवंत बेडूक गळाला लावून पानकणसाच्या काठाने नाचवीत नेत. ते मला कधी जमले नाही. बेडकाच्या डोळ्यांत पाहिल्यावर माझा हात थांबे.

मरळ हा मासा दिसायला देखणा नव्हे. डोके सापासारखे चपटे, पाठ काळपट, कुशीवर तिरके पट्टे, आणि तोंड असे की निम्मे डोके म्हणजे तोंडच. पण तिची अक्कल और आहे. इतर मासे पाण्यातल्या पाण्यात श्वास घेतात. मरळीला मात्र वरची हवाही लागते. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा साठविण्याची एक पोकळी असते. थोड्या-थोड्या वेळाने ती वर येते, बुडुक् असा आवाज करून हवेचा घोट घेते आणि पुन्हा खाली जाते. तिला वर येऊ दिले नाही तर मासा असूनही ती पाण्यात बुडून मरते! पाणी आटले, तळ्याचा चिखल झाला, तरी कातडी ओली आहे तोवर ती त्या चिखलात तग धरते. पावसाळ्यात ओल्या गवतातून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जाते. बाजारात रोहू बर्फावर निजलेला असतो, मरळ टोपल्यातल्या वीतभर पाण्यात वळवळत असते, आणि म्हणून तिचा भावही चढा असतो.

आमच्या भागात मरळीची ओळख आणखी एका वाटेने आहे. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्यापासून हैदराबादशी आमचे जाणे-येणे. मृग नक्षत्र निघाले की तिथे बत्तिनी घराण्यातले लोक दम्याच्या रोग्यांना मरळीचे बोटाएवढे जिवंत पिल्लू, तोंडात पिवळसर औषधाची गोळी भरून, गिळायला देतात. १८४५ पासून हे चालत आले आहे असे ते घराणे सांगते. डॉक्टर मंडळींना यातले काही पटत नाही. पण दम लागलेला माणूस डॉक्टरच्या पटण्याची वाट पाहत बसत नाही. परळीहून गाडीत बसून गेलेले आमच्या गावचे एक वृद्ध गृहस्थ मला ठाऊक होते. तेही माळकरी. माशाऐवजी गुळातून औषध मिळते म्हणून गेले. "गुण आला का?" असे विचारले की म्हणत, "गूळ चांगला व्हता." तेलंगण राज्य झाल्यावर २०१६ मध्ये त्यांनी मरळीला राज्याचा मासा ठरविले. आमच्याकडे तिला असा मान कोणी दिला नाही, पण तळ्यावर तिचेच राज्य आहे.

तीन वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी पुण्याहून भेटायला आला. त्याने पेढे आणले असते तर मला समजले असते. त्याने डबीतून काढला तो एक खोटा मासा. करंगळीहून थोडा लांब, पाठ हिरवी, पोट चंदेरी, पोटाखाली आणि शेपटीला तीन-तीन काट्यांचे दोन गळ, आणि हनुवटीला पारदर्शक जिभेसारखी एक चकती. सगळी करामत त्या जिभेत आहे. मासा पाण्यात टाकावा, तो तरंगत राहतो. दोरी ओढावी, जीभ पाणी कापते आणि मासा डोके खाली घालून अंग डोलवीत बुडी मारतो. ओढणे थांबवावे, तो हलके हलके वर येतो. जीभ लांब आणि अंगाच्या रेषेत असली तर बुडी खोल. आखूड आणि उभी असली तर वीत-दोन वीतच. माझ्या माशाची जीभ आखूड होती. म्हणजे तो उथळ पाण्याचा, माझ्या पट्ट्यासाठीच जन्मलेला म्हणा ना!

पण तो जन्मलेला असतो तिकडे दूर, मोठ्या तोंडाच्या बास नावाच्या अमेरिकन माशासाठी. त्याची हकीकत वाचू लागलो आणि मला फार करमणूक झाली. अमेरिकेत जेम्स हेडन नावाचा एक मधमाश्या पाळणारा गृहस्थ होता. त्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडाचे बेडूक कोरले. आमच्या आबांचा बेडूक आणि त्याचा बेडूक यांत फरक तो लाकडाचाच. फिनलंडमध्ये लॉरी रापाला नावाचा गरीब कोळी होता. मोठे मासे निरोगी झुंडीतून नेमका तोच मासा उचलतात जो अडखळत, डोलत चाललेला असतो, हे त्याने वल्ही मारता मारता पाहून ठेवले. १९३६ मध्ये त्याने बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या जुन्या फिती वितळवून वरून लेप दिला. पुढे १९६२ मध्ये एका अमेरिकन साप्ताहिकाने त्या माशावर लेख छापला; त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकत्याच वारलेल्या मेरिलिन मन्रोचे चित्र होते. अंक घरोघर गेला, आणि त्या सुंदरीच्या पाठोपाठ फिनलंडचा हा लाकडी मासाही. प्रसिद्धी कुणाच्या पदराला धरून येईल याचा नेम नाही, हे आम्हा लेखकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या सर्वांहून मला आवडली ती जॉर्ज पेरीची गोष्ट. जॉर्जिया राज्यातला विशीतला शेतकरी. मंदीचे दिवस, घर चालविण्याचा भार अंगावर. १९३२ च्या जूनमध्ये एके दिवशी पावसाने शेत इतके ओले झाले की औत चालेना, म्हणून तो मित्राला घेऊन मासे धरायला गेला. दोघांत मिळून एकच खोटा मासा. त्यावर त्याला जो बास लागला तो २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने १० किलोंहून थोडा अधिक. जगातला सर्वांत मोठा! २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात एकाने त्याची बरोबरी केली, इतकेच. पेरीने त्या माशाचे काय केले? वजन करवून घेतले, आणि घरी नेऊन खाल्ला.

ही गोष्ट मी ज्याला सांगितली तो आबांचा नातू. सातवीत होता. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, पण गणिताला हुशार. गोष्ट ऐकून त्याने पहिला प्रश्न केला तो माशाच्या वजनाचा नव्हे. "गुर्जी, दोघांत एकच गळ व्हता, मग आदी कोण टाकायचा?" मी म्हटले, "आळीपाळीने टाकीत असतील." त्याने मान हलविली. त्या दिवसापासून आम्हीही आळीपाळीने टाकू लागलो. माझ्या पाचाला त्याचे पाच. माझा मासा बाभळीत अडके. त्याचा पानकणसाच्या मुळाशी, हात लावून ठेवल्यासारखा पडे.

मृग लागला की तळ्याचा रंग बदलतो. पहिल्या मोठ्या पावसात सांडव्याच्या ओढ्यातून गढूळ पाणी येते आणि त्या पाण्याला उलटे मासे चढू लागतात. चढणीचे मासे! अख्खे गाव लुगडी, मच्छरदाण्या, टोपल्या घेऊन ओढ्यात उतरते. पोटात अंडी असलेले मासे पाटीपाटीने घरी जातात. मला हे पटत नाही आणि मी ते दरसाल वर्गात बोलून दाखवितो. पोरे गंभीर चेहऱ्याने ऐकतात आणि संध्याकाळी ओढ्यात भेटतात. गढूळ पाण्यात माझा रंगीत मासा निरुपयोगी. मरळीला तो दिसतच नाही. तेव्हा मृग-आर्द्रा मी बांधावर बसून नुसते पाहण्यात घालवितो. श्रावणात आईशी केलेला तह असतो.

त्या वर्षीच्या भाद्रपदातली ही गोष्ट. पाणी निवळले होते. उथळ पट्ट्यात, सांडव्यापासून वीस-पंचवीस पावलांवर, पाणी उकळल्यासारखे दिसत होते. जवळ जाऊन पाहतो तो शेंदरी रंगाच्या शेकडो पिलांचा एक गोळा वर-खाली होतो आहे. मरळीची पिले! त्यांना वरच्या हवेची गरज, म्हणून ती झुंडीने वर येतात. बगळा टपलेला असतो, खंड्या टपलेला असतो. आणि त्या गोळ्याच्या खाली, हातभर अंतरावर, एक काळी सावली फिरत होती. मरळ आपल्या पिलांना टाकून जात नाही. महिना-महिना ती त्यांच्याखाली पहारा देते. त्या दिवसांत तिला खाण्याची फिकीर नसते, पण पिलांजवळ काहीही हालले तरी ती अंगावर धावून येते. म्हणून पिलांच्या गोळ्यात खोटा मासा टाकला तर मरळ पहिल्या फेकीला मिळते. इतकी सोपी शिकार दुसरी नाही. अमेरिकेतला तो मोठ्या तोंडाचा बासही असाच आहे. तिथे नर घरट्यावर राखण करतो, आणि कॅनडाच्या ऑन्टॅरिओसारख्या ठिकाणी त्या दिवसांत बास धरायला कायद्याने बंदी आहे.

आमच्या तळ्यावर कायदा आबांचा. पिलांवरची मरळ धरायची नाही.

काठी नातवाच्या हातात होती. पाळी त्याची होती. तो त्या सावलीकडे पाहत राहिला. मी काही बोललो नाही. मरळ चांगली दीड-दोन किलोंची दिसत होती, आणि हमरस्त्यावरचा ढाबेवाला जिवंत मरळीचे रोख पैसे देतो हे त्याला ठाऊक होते. त्या आठवड्यात त्याच्या घरी मुकादम येऊन गेला होता. आई-बापांनी उचल घेतली होती. उचल घेतली की कोयता बांधला गेला. दिवाळी झाली की ट्रकमध्ये बसायचे आणि पश्चिमेकडे कारखान्याच्या उसावर जायचे. हे आमच्या निम्म्या गावाचे आहे. दसऱ्यापर्यंत माझा वर्ग भरलेला असतो, दिवाळीच्या सुट्टीनंतर निम्मे बाक रिकामे.

त्याने दोरी गुंडाळली. "गुर्जी, पिलं मोकळी व्हायला किती दिस लागतील?" मी म्हटले, "दसऱ्यापर्यंत पांगतील." त्याने बोटांवर हिशेब केला. "म्हंजी दिवाळीच्या आदी." मी होय म्हटले. मग तो रोज शाळा सुटल्यावर तळ्यावर जाऊन येई आणि सकाळी हजेरी चालू असताना मला खबर देई: पिले काळी पडू लागली, गोळा सैल झाला, दोन गोळे झाले. बाकीची पोरे आमच्याकडे पाहत राहत.

मधल्या काळात मी त्याच्या बापाला भेटलो. गावात हंगामी वसतिगृह होते, पोराची जेवणाची सोय होती, शिवाय आमच्या घरचे दार उघडे होते. बाप मुकाट ऐकून घेत होता. त्याने कारण सांगितले नाही. ते त्याच्या बायकोने सांगितले. "गुर्जी, आमी दोघं पहाटं फडात जाणार. बारकीला कोपीवर कोण बघंल?" बारकी म्हणजे दीड वर्षाची मुलगी. ती तेव्हा भावाच्या कडेवर बसून माझ्या चष्म्याकडे हात करीत होती. आबांना दिसत नव्हते. मोतीबिंदू पिकला होता. या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. सौभाग्यवतींनी मुलीला आपल्याकडे ठेवण्याचीही तयारी दाखविली, पण अंगावरची मुलगी सहा महिने कोण ठेवून जाईल?

वसुबारसेच्या सकाळी आम्ही तळ्यावर गेलो. आश्विनातले पाणी म्हणजे आरसा. वर धुके, खाली पानकणसाची उलटी रांग. पिले पांगली होती, बोट-बोट झाली होती आणि आपापल्या वाटेने लागली होती. आता मरळ आपल्या पोटासाठी फिरत होती. खोट्या माशाचे खरे दिवस हेच. ओढायचे, थांबायचे, वर येऊ द्यायचे, पुन्हा ओढायचे. ती बहुधा थांबलेल्या क्षणी झडप घालते. माझ्या पाच फेकी गवतात गेल्या. त्याच्या चौथ्या फेकीला बुडीतून वर येणारा मासा पाण्याच्या कातडीला टेकला न टेकला, तोच खालून स्फोट झाल्यासारखे पाणी उडाले. काठी कमानीसारखी वाकली. मी "ढील दे, ढील दे" म्हणून ओरडत होतो. त्याने माझे काहीएक ऐकले नाही, काठी उंच धरून तो सरळ उलटा चालत बांधावर गेला आणि मरळीला गवतावर ओढून आणले.

किराणा दुकानाच्या तागडीवर ती पावणेदोन किलो भरली. ढाबेवाल्याला कोणी वर्दी दिली कोण जाणे, तो मोटारसायकलवरून आला. पोराने आजोबांकडे पाहिले. आबांनी माशाच्या अंगावरून हात फिरविला, कल्ल्यात बोट घालून पाहिले आणि म्हणाले, "इकू नको. घरी ने." पोरानेही हूं की चूं केले नाही. दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत त्या घरी दोन वेळा मरळीचे कालवण झाले. एक वाटी आमच्या गोठ्याच्या पलीकडच्या चुलीपर्यंत आली. सौभाग्यवतींचे मत पडले की आपल्यापेक्षा त्यांच्या येसराला चव अधिक आहे. मी त्यावर मत दिले नाही.

भाऊबीज झाली आणि ट्रक गेला. खोटा मासा मी त्याच्या खिशात दिला. इथे तो मला नाही तरी बाभळीतच अडकवायचा होता.

थंडीत मासेमारीला अर्थ नसतो. पौषात पाणी गार पडते, मरळ सुस्तावते. उन्ह वर आल्यावर दुपारी बारा ते तीन एवढीच काय ती आशा, आणि त्या वेळी मी फळ्यासमोर असतो. तेव्हा हा ऋतू मी गांडुळावर भागवितो, किंवा कादंबरीवर. माघात एके रात्री फोन वाजला. बापाच्या मोबाइलवरून तो बोलत होता. मागे ट्रॅक्टरची घरघर.

"गुर्जी, हितं कालवा हाय. कडंला गवत हाय. मरळ असंल का?"

"पाणी वाहते आहे का?"

"धा दिस वाहतं, मग थांबतं."

"थांबल्यावर बघ. कडेला जिथे गवत पाण्यात लोंबते तिथे. शाळेत जातोस का?"

"साखरशाळा हाय. बारकी निजली की जातो. गुर्जी, माश्याची जीभ मोडली. निम्मी ऱ्हायली."

मला वाईट वाटले, म्हटले, "मग तो आता बुडायचा नाही."

"बुडतोय की. बोटभर. कालव्याला तेवढंच बरं पडतंय, गवतात गुततच न्हाई."

मी पुस्तकात वाचले होते त्याहून हे ज्ञान पक्के होते. त्याला मी पुढच्या धड्याची पाने सांगितली. त्याने ती लिहून घेतली की नाही, ते कळायच्या आत फोन बंद पडला.

ट्रक परत आले ते चैत्राच्या मध्याला. परीक्षेला आठ दिवस होते. पोरगा बोटभर उंच आणि चांगलाच काळा झाला होता. गणिताचा पेपर त्याने बरा लिहिला. इतिहासाचे विचारू नये.

आमच्याकडचा उन्हाळा मासेमारीचा नव्हे, हिशेबाचा असतो. किती पाणी उरले, किती दिवस पुरेल. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने ५ लाख लिटर आले. ते धरण आमच्याच जिल्ह्याच्या शिवेवर, धनेगावला. त्या साली मी भेगाळलेल्या तळात उभा राहून पाहिले आहे. शिंपल्यांचा थर पांढराशुभ्र पसरला होता आणि पायाखाली तो काचेसारखा वाजत होता. आमचा पाझर तलावही त्या साली आटला. पुढे पाऊस झाला, पाणी आले, पण मरळ दिसायला दोन वर्षे लागली.

या वैशाखात तलावाचे एक डबके उरले. गुडघाभर पाणी, त्यात बगळ्यांची पंगत. भोईवाड्याने ठरवून एका दिवशी जाळे ओढले, जे होते ते वाटून घेतले. तसेही ते आठवड्यात आटलेच असते. जाळे ओढण्याआधी आबांना धरून कडेला आणून बसविले होते. ते म्हणाले, "बारवंत जोडी सोडा." गावाच्या बारवेला अजून दोन पुरुष पाणी होते.

शेतावरच्या फवारणीच्या बादल्या चालणार नव्हत्या, म्हणून सौभाग्यवतींनी घरातली पिण्याच्या पाण्याची कळशी दिली. आईने ते पाहिले आणि काही बोलली नाही. कळशी मात्र परत उंबऱ्याच्या आत घेतली जाणार नाही एवढे स्पष्ट केले. मरळी जाळ्यात सहा होत्या. आबांनी एक-एक हातात घेतली, पोट चाचपले, पुन्हा चाचपले. पिलांचे दिवस नसताना नर कुठला आणि मादी कुठली हे त्यांच्या बोटांनाही सांगता येईना.

"चार घ्या," ते शेवटी म्हणाले. "चारांत एखादी जोडी असंलच."

नातवाने कळशी डोक्यावर घेतली, तोंडाला ओले फडके बांधले, आणि बारकी त्याच्या सदऱ्याला धरून मागून चालू लागली. वाटेत दोनदा त्याने कळशी खाली ठेवून फडके सोडले, कारण मरळीला वरची हवा लागते.